बाद झालेला चिमटा

तीन महिने खपून कारागीरबाईंनी पोटातला खडा काढायचा चिमटा बनवला. हातभर लांब, सुतळीएवढा बारीक आणि हवा तसा वळणारा. डॉक्टरीणबाई तो पाहायला यायच्या तोंडावर, धुताना तो गांडुळासारखा सरपटत बेसिनच्या पाइपात गेला.

“आता त्यांना काय, पाइप दाखवायचा?” मालक मटकन खाली बसले.

“बसताय काय दादा, बॅटरी धरा. त्या बाद झालेल्या थोरल्यालाच सोडते धाकट्याच्या मागे.”

जास्तच वळतो म्हणून बाद केलेला जुना चिमटा बाईंनी भंगाराच्या डब्यातून काढून पाइपात सोडला. दोन वळणं घेऊन त्याने धाकट्याला कान धरून वर आणलं. सगळा कारखाना नाचायला लागला.

मघापासून दारात उभ्या राहून सगळं पाहणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “धाकटा राहू द्या. मला तो बाद झालेलाच हवा.”