थेंब दिसला की सांग

मोटारीमागे जोडायचा, आत राहता येईल असा जुना ट्रेलर व्हर्नने दोन वर्षं खपून उभा केला. कुजलेलं लाकूड बदललं, पत्रा घासून आरशासारखा केला. राहिली होती ती गळतीची परीक्षा. त्याची आणि बायकोची, आर्डिसची, पद्धत ठरलेली होती. त्याने बाहेरून छतावर पाइपने पाणी मारायचं, तिने आत बसायचं आणि थेंब दिसला की ओरडायचं, "बंद कर, व्हर्न."

तास झाला. आतून आवाज नाही. व्हर्न पाणी मारतच होता.

शेजारचा लॉयल बटाट्याच्या भाजीचं गरम भांडं घेऊन आला. आर्डिसला पुरल्यापासून तो रोज काहीतरी आणून देत होता. त्याने ट्रेलरचं दार उघडलं, तर पाणी त्याच्या बुटांवर आलं.

"अरे, आत तळं झालंय."

"ठाऊक आहे," व्हर्न म्हणाला. "पण ती अजून बंद कर म्हणाली नाही."