घरातल्यांनी दचकायचं नाही

"...आणि म्हणून पाचव्या प्रकरणात मी तिला मारून टाकतो," कादंबरीकाराने वाक्य पूर्ण केलं. पूर्ण केल्यावर त्याला वाटलं, हे वाक्य आपण सुरू कधी केलं? समोरचा चहा अर्धा संपलेला होता. त्याने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर फार झाली."

"तुम्हाला इतकीच तर लागते," ताई पटकन म्हणाल्या. मग थांबल्या. "बरं, उद्यापासून कमी सांगते."

ताई म्हणजे मालिकेच्या मुख्य लेखिका. वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना ताईच म्हणत. एकच मालिका त्या इतकी वर्षं लिहीत होत्या, की पहिल्या भागात पाळण्यात असलेलं बाळ आता कथेत नोकरी शोधत फिरत होतं. कादंबरीकाराच्या हातून मात्र पात्रं टिकत नसत. पाचव्या प्रकरणाशी त्याचं घोडं अडायचं, आणि कुणीतरी जिवानिशी जायचं. माणसं टिकवायची कशी, हे शिकायला तो ताईंच्या खोलीत येऊन बसत होता.

"मारायचं कशाला?" ताई म्हणाल्या. "आमच्या थोरल्या सुनेचा हा तिसरा चेहरा. पहिली परदेशी गेली, दुसरीचं दिग्दर्शकाशी बिनसलं. सून आहे तिथेच आहे. जुनी बाई 'अहो, ऐकलंत का' एवढं म्हणते, आणि पुढचं वाक्य नवी पूर्ण करते. त्याच साडीत, तोच कप हातात घेऊन."

"आणि लोक खपवून घेतात?"

"लोक आधी घरातल्यांकडे बघतात. सासू दचकली नाही, नवरा दचकला नाही, की लोकही विसरतात. घराला माणूस लागतं हो, चेहरा नाही लागत. आमचा एकच नियम आहे. घरातल्यांनी दचकायचं नाही."

"आणि त्या नव्या बाईने काय करायचं?"

"तिला जुने भाग दाखवायचे नाहीत. बघितले की नक्कल करत बसते. मागे काय काय घडलं ते नीट सांगायचं आणि सोडून द्यायचं. काही दिवसांत तिलाच वाटायला लागतं, मी पहिल्यापासून इथलीच."

कादंबरीकार हसला. खोलीतल्या इतर लेखकांपैकी कुणी हसलं नाही.

घरी जाताना बूट चावत होते. चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. लोकांचे शर्ट धुतल्यावर आटतात. याच्या शर्टाच्या बाह्या वाढून बोटांपर्यंत आल्या होत्या. पण त्याचं लक्ष तिकडे नव्हतं. त्याच्या डोक्यात त्याची लहान मुलगी होती.

काही दिवसांपूर्वी एका दुपारी तो पाचव्या प्रकरणात अडकला होता. लिहायच्या खोलीच्या दाराला आतून कडी होती. मुलगी जिन्यावरून पडली, हनुवटी फुटली, ती दार ठोठावत राहिली. त्याने उघडलं नाही. शेवटी बायको कामावरून धावत आली आणि तिला टाके घालायला घेऊन गेली. तेव्हापासून मुलगी त्याच्याशी एक अक्षर बोललेली नव्हती. हे सगळं त्याला नीट माहीत होतं. फक्त तिचं ते ठोठावणं काही केल्या आठवत नव्हतं. कुणीतरी सांगितलेली हकिगत असावी तसं सगळं डोक्यात होतं. याचीच त्याला जास्त लाज वाटली. तिने एकदा 'बाबा' म्हणावं, बाकी त्याला काही नको होतं.

लिफ्टमध्ये शेजारीण भेटली. "काय, आज लवकर?" तिने विचारलं, तेही मजल्याच्या आकड्यांकडे बघत.

बायकोने दार उघडलं. क्षणभर तिचा हात कडीवरच राहिला. मग ती म्हणाली, "आलास? हात धुऊन घे, पानं वाढते."

बैठकीच्या भिंतीवर फिकट चौकोन दिसत होते. तिथे फोटो असणार.

"फोटो कुठे गेले?"

"भिंतींना रंग द्यायचाय," ती म्हणाली आणि आत वळली.

मुलगी जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. तो तिच्याशेजारी बसला. तिने मान वर केली आणि त्याच्याकडे बघतच राहिली. तिचे डोळे त्याच्या कपाळावरून नाकावर, नाकावरून कानांवर फिरत होते.

"हनुवटी दुखते अजून?" त्याने विचारलं. "दार उघडायला हवं होतं गं मी. चुकलं माझं. पुन्हा कधी कडी लावणार नाही."

हे तो मनापासून बोलला. खोटं त्यात काहीच नव्हतं.

मुलीने रंगांचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"बाबा, या घराच्या दाराला कुठला रंग देऊ?"

"कुठलाही दे. फक्त उघडं काढ."

ती खुदकन हसली. कादंबरीकाराला रडू आवरेना. एवढा आनंद आयुष्यात कधी झाल्याचं त्याला आठवत नव्हतं. डोळे पुसत तो हात धुवायला गेला. शब्द दिला होता, म्हणून न्हाणीघराचं दारसुद्धा त्याने उघडंच ठेवलं. नळ सोडण्याआधी त्याला स्वयंपाकघरातून दोघींची कुजबुज ऐकू आली.

"असं टक लावून बघायचं नाही, सांगितलं होतं ना मी?"

"आता नाही बघणार. पण आई, आधीचा बाबा परत नाही ना येणार?"