नळीतला रंग

अडुसष्ट सालची ईद होऊन एकच दिवस झाला होता. भोरच्या डॉक्टरांनी दिलेलं निळं औषध खुर्शिदानं काचेच्या नळीत ओतलं, त्यात नवऱ्यानं आणून दिलेल्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. औषध निळं राहिलं तर साखर नाही; विटेसारखं लाल झालं तर पुण्याला जाऊन सुया सुरू करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

अल्लाउद्दीन आज निवांत बसला होता. शेजारी नात मुमताज माठातलं पाणी पुन्हा पीत होती. गेल्या महिन्यात मापानं शिवलेला ईदचा झगा तिच्या खांद्यावरून घसरत होता.

नळीतलं औषध हिरवं झालं, मग पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं लाल.

"तुमच्यापायी घरादारानं बिनसाखरेचा च्या प्यायचा," खुर्शिदा कडाडली, "आन तुमी चोरून शिरखुर्म्याच्या वाट्या रिचवायच्या व्हय?"

अल्लाउद्दीन पांढराफटक पडला. त्यानं नातीला उचलून पोटाशी धरलं आणि सुनेला हाक मारली. "हसीना, पोरीची कापडं भर. पहिल्या यष्टीनं पुण्याला निघायचं."

"साखर तुमची वाढलीया," खुर्शिदा म्हणाली, "पोरीला कशाला नेताय?"



"शिरखुर्मा म्याच खाल्ला. म्हणून तुला तपासायला हिची लघवी दिली व्हती."