सुरतचा पाऊस

‘पाऊस’ काही सापडत नव्हता. सुंदरबाईने पत्रावरून तिसऱ्यांदा बोट फिरवलं. आधी पा, मग ऊ, मग स. दुपारीच पाटीवर दहा वेळा गिरवलेला शब्द. तो समोर असता तर ओळखू आला नसता, असं होणं नव्हतं. अभिमनच्या पत्रात तो नव्हताच.

निळं आंतरदेशीय पत्र पंधरा दिवसांपूर्वी सुरतहून आलं होतं. सून मंजुळाने ते वाचून दाखवलं होतं. ‘आई, इकडे पाऊस चांगला आहे. मी खुशाल आहे. पोळ्याला येतो.’ त्या दिवसापासून म्हातारीच्या पायाला भिंगरी लागली होती. नरडाण्याच्या स्टेशनात सुरतेकडची गाडी शिटी वाजवी आणि ही चुलीवरचं टाकून ओट्यावर येऊन उभी राही. दर दोन दिवसांनी मंजुळाला पत्र पुन्हा वाचायला लावी. पत्र आता तिला तोंडपाठ होतं.

म्हणून तर दुपारी साक्षरतेच्या वर्गात तिचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. प्रमिलाबाईंनी फळ्यावर ‘पाऊस’ लिहून, हा शब्द वापरून कोण वाक्य सांगतं, असं विचारलं होतं.

“सुरतमा पाऊस चांगला शे,” सुंदरबाई म्हणाली.

“तठे शे, आठे कोठे शे?” भिकुबाईने टोमणा मारला आणि साऱ्या बायका हसल्या. हसण्यासारखं काही नव्हतं. श्रावण सरत आला होता, कपाशी माना टाकत होती, आणि आभाळ नुसतं येऊन-जाऊन होतं.

“वाक्य बरोबर आहे,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “आता इथलं सांगा.”

“आमना गावमा पाऊस नही.”

तेही बरोबर ठरलं. एका दिवसात दोन वाक्यं बरोबर! पोराच्या पत्रातला पाऊस आता स्वतःच्या डोळ्यांनी बघू, म्हणून सुंदरबाई पाटी काखेत मारून तरातरा घरी आली. मंजुळा गवताला गेली होती. कोनाड्यातलं पत्र काढून ती दारातल्या उजेडात बसली.

आणि पाऊस नव्हता. पोळ्याचा ‘पो’सुद्धा नव्हता. म्हणजे सुनेने आपल्याला चक्क येड्यात काढलं! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. येऊ दे घरी, म्हणत ती उठली, ओट्यापर्यंत गेली, परत आली. मग वाटलं, पाऊस नाही, तर आहे तरी काय ह्यात?

जोडाक्षरं अजून शिकवली नव्हती. पण अभिमनने तिसरीतच शाळा सोडलेली, तोही जोडाक्षरांच्या वाटेला जात नसे. शिकल्याचा एवढा एक गुण मायलेकरांत सारखा होता. ती एकेक अक्षर लावत गेली. मी. इ-क-डे. दु-स-रं. घ-र. के-लं.

पुढचं वाचू नये असं वाटलं तरी बोट थांबेना. मं-जु-ळा-ला मा-हे-री पा-ठ-व. मी आ-ता ये-त ना-ही.

नरडाण्याची गाडी शिटी वाजवून गेली. सुंदरबाई ओट्यावर गेली नाही.

मंजुळाचं माहेर अमळनेरला. आईबाप गेलेले. आखाजीच्या सणाला लेकीबाळी माहेरी झोके घेतात, तर हिला भावजयीने दुसऱ्या दिवशीच एसटीत बसवून दिलं होतं. हाकलून द्या म्हणणारा कागद हातात धरून ही पोरगी पंधरा दिवस पाऊस चांगला आहे म्हणत होती. आपल्याला घालवतील ह्या भीतीने, की म्हातारी खचेल म्हणून? दोन्ही असेल. सुंदरबाईला पोटच्या पोराची लाज वाटली. एवढी लाज तिला जन्मात कधी वाटली नव्हती.

दिवस कलताना मंजुळा आली. गवताचा भारा टाकून तिने तोंड धुतलं. सुंदरबाईने पत्र पुढे केलं.

“वाच बरं परत.”

मंजुळाने पदराला हात पुसले, पत्र धरलं आणि सुरू केलं. “आई, इकडे पाऊस चांगला आहे...” नजर गोठ्याच्या आढ्याला लागली होती. पत्र हातात उलटं होतं. आजवर कितीदा उलटं होतं कोण जाणे, पण आज ते सुंदरबाईला दिसत होतं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“घरमाइन पेन लई ये. नि कोरं पत्र शे ना, तेबी. जबाब मी लिखसू.”

“तुम्ही? सांगा ना आत्याबाई, मी लिहिते.”

“मी लिखसू.”

सुंदरबाई पाट घेऊन ओट्यावर बसली. मंजुळा मागे उभी राहिली. अक्षरं भाकरीएवढी येत होती. पहिली ओळ झाली: ‘इकडे पाऊस नाही.’ मंजुळाला हसू आलं. मग म्हातारीने ‘मंजुळा’ लिहिलं, आणि ते हसू विरलं. पुढे ‘मा’ आला, ‘हे’ आला, ‘री’ आला. ‘मंजुळा माहेरी आहे.’

आत्याबाईला वाचता आलं होतं. सगळंच वाचता आलं होतं. मंजुळा आत गेली, दोरीवरची आपली दोन लुगडी ओढली आणि पिशवीत कोंबू लागली.

“कोठे चालनी? आठे ये,” बाहेरून हाक आली. “मनं नाव वाच. बरोबर शे का सांग.”

पिशवी हातात घेऊनच मंजुळा बाहेर आली. पत्राच्या तळाशी सुंदरबाईने पेन दाबून दाबून सही केली होती: ‘मंजुळाची आई’.