सर्दी, ताप आणि सिलिकॉन

"नाक पूस आधी. आणि सीटला टेकू नकोस, दहा वाजता मला बसायचंय तिथे," ब्रेकबाई गाडी सुरू करत म्हणाली.

धाकटीने नाक पुसलं आणि मुद्दाम टेकून बसली.

ब्रेकबाई हे काही खरं नाव नव्हे हं. चाळिशीची ही बाई गाडी चालवायला शिकवायची. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो ना, तो ती इतक्या वेळा हाणायची की पोरांनी नावच पाडलं. सख्खी धाकटी बहीणसुद्धा तेच म्हणायची, तेही तोंडावर.

दोघींचा दोन वर्षं अबोला. का, तर धाकटीने छातीत सिलिकॉन बसवून घेतलं. ब्रेकबाईला हे कळलं मामेबहिणीकडून, आणि तिच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती काही खाली उतरली नाही. 'एक दिवस हे तिला बाधणार,' एवढा निरोप तिने मामेबहिणीजवळ धाडला. मग धाकटीचा फोन आला की कट. घरी आली की दार बंद.

मग परवा धाकटीचा मेसेज. 'चार दिवस ताप आहे, सर्दी आहे, उजवी बाजू ठणकतेय. साध्या आजाराने आतलं बिघडतं का, ते डॉक्टरांना विचारायला जातेय. तू येऊ नकोस. तुझं म्हणणं खरं ठरलेलं मला बघवणार नाही.'

आता बघा, नुसत्या आजारपणाने ब्रेकबाई जागची हलली नसती. आई गेल्यापासून तिने दवाखान्याची पायरी चढलेली नव्हती. स्वतःचा ताप ती अंगावरच काढायची. पण आपलं म्हणणं खरं ठरतंय म्हटल्यावर? सकाळी सातला धाकटीच्या दारात हॉर्न!

"डॉक्टरांच्या तोंडूनच वदवून घेते आज. 'काढून टाका' असं म्हणायला लावते की नाही बघ."

"म्हणाले तर टाकीन काढून."

"टाकशीलच. आई ज्या जागेच्या रोगाने गेली, नेमके त्याच जागेचे नखरे सुचले तुला. लाज नाही वाटली?"

"शोधली गं. माझ्या मापाची मिळाली नाही."

धाकटी कपड्यांच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे अशी उत्तरं तिच्या जिभेवर तयारच असायची. ब्रेकबाई भडकून तिच्याकडे वळली. समोरचा सिग्नल लाल. धाकटीने पायाशी असलेला ब्रेक कचकन दाबला. गाडीने गचका खाल्ला, मागच्याने हॉर्नचा सपाटा लावला.

"समोर बघ ना ताई."

"तू मला गाडी शिकवू नकोस!"

"नाही शिकवत. पोचव फक्त."

दवाखान्यात भिंतीला लागून खुर्च्यांची रांग होती. ब्रेकबाई मधे एक खुर्ची सोडून बसली. जंतू नकोत म्हणाली. धाकटीने काउंटरवरून फळीला अडकवलेला दोन पानांचा फॉर्म आणला, पहिलं पान भरलं, उलटून मागे सारलं आणि फळी बहिणीच्या मांडीवर ढकलली.

"हात थरथरतोय माझा. पुढचं तू भर. आई, मावशी, आजी, असलं विचारलंय. तुला पाठ आहे."

पाठ होतंच. आई, स्तनाचा कर्करोग, एक्केचाळिसाव्या वर्षी. मावशी, तोच, अडतिसाव्या वर्षी. आजीपाशी पेन अडलं.

"आजीचं काय लिहू?"

"पोटाचं म्हणायचे. नीट तपासलं होतं कुणी?"

ब्रेकबाईने इतकं दाबून लिहिलं की कागद फाटायला आला. "एवढं सगळं घरात घडलंय, आणि तुला फॅशन सुचते!"

"सही कर खाली."

"मी कशाला?"

"घरचं कुणीतरी लागतं."

केली. घुश्शातच केली. मागे सारलेलं पहिलं पान उलटूनही बघितलं नाही.

डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या बसल्या तिने तोफ डागली. "हिला सर्दी-ताप झालाय आणि आतलं फुटायला आलंय. सांगा हिला, काढून टाक म्हणावं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी धाकटीला पडद्याआड नेऊन नीट तपासलं आणि हात धुवून परत आल्या.

"सर्दी-तापाने इम्प्लांट फुटत नाही. कधीतरी तापानंतर भोवती सूज येते, पाणी धरतं. क्वचित शरीरातला दुसरीकडचा जंतुसंसर्ग तिथवर पोचतो. म्हणून एक बाजू फुगली, लाल झाली, गरम लागली तर लगेच यायचं. हिला तसलं काहीच नाही. खोकून खोकून स्नायू दुखावलाय, बस."

ब्रेकबाईचा चेहरा पडला. "म्हणजे काढायचं नाही?"

"कशाला काढायचं?"

"अहो, पण हे नखरे..."

"नखरे?" डॉक्टरीणबाईंनी धाकटीकडे बघितलं. "अजून सांगितलं नाहीस तू?"

"फोन घेईल तेव्हा ना!" धाकटी दाराला पाठ लावून उभी राहिली. "आता तुम्हीच सांगा."

"कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष हिच्या रक्ताच्या तपासणीत सापडला. तुमच्या आईकडून आलेला. आजार व्हायच्या आधीच हिने दोन्ही स्तन काढून घेतले. हे इम्प्लांट त्यांच्या जागी आहेत."

ब्रेकबाई ताडकन उठली. धाकटी दारातून हलली नाही.

"बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिला मी तुमच्या वेळेत तपासलं. आजची वेळ हिने तुमच्या तपासणीसाठी, तुमच्या नावाने घेतलीये."