चार मिनिटांचा फोटो

"आणि हे भूत कुणाचं?" शेलनं तोंडात वाफलचा घास असतानाच विचारलं. सगळे हसले. हालवारही हसला.

पडद्यावर आमच्याच गावचा धक्का होता. पाणी सायीसारखं गुळगुळीत, ढग लांबवर ओढलेले आणि मधोमध कठड्याला टेकलेली एक करडी आकृती. हाच फोटो वाचनालयात टांगलाय, गावाच्या कॅलेंडरवरही येऊन गेलाय. पण त्यात ही आकृती नाही. आज हालवार आमच्या फोटो क्लबला मूळ फोटो दाखवत होता. नको ते फोटोतून कसं पुसायचं, हे शिकवायचं होतं त्याला.

"भूत कसलं रे, गुन्वोर आहे ती," तो म्हणाला.

गुन्वोर म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"अरे, तोंडं काय पाडता? ती असती तर सगळ्यात आधी हसली असती."

मग त्यानं रीतसर शिकवायला घेतलं. भिंगापुढे काळी काच लावायची. उजेड इतका कमी आत येतो की एकच फोटो चार मिनिटं घेता येतो. तेवढ्या वेळात जो चालत राहतो, तो उमटतच नाही. जो थांबतो, तो उमटतो. गुन्वोरला गाडीत बसून राहायचा भारी कंटाळा. थंडी घालवायला ती धक्क्यावर येरझाऱ्या घालायची, त्याही थेट कॅमेऱ्यासमोर. हालवार म्हणायचा, "चालत राहा, म्हणजे झालं." ती म्हणायची, "बावीस वर्षं चालतेय तुझ्या फोटोंमधून. एकात तरी दिसले का मेली?"

त्या दिवशी मात्र ती थांबली. हालवार घड्याळात बघत होता. चार मिनिटं संपत आली तशी त्यानं मान वर केली, तर ही आपली कठड्याशी उभी. तो वैतागून ओरडला, "अगं ए, चालत राहा ना! वाट लावलीस फोटोची!" तिनं हात हलवला आणि चालू लागली. परतताना गाडीत तो गाल फुगवून बसला. तीही काही बोलली नाही. घरी येऊन त्यानं संगणकावर तिला पुसून टाकलं. जेमतेम दहा मिनिटांचं काम.

बारा दिवसांनी ती स्वयंपाकघरात कोसळली. हृदय बंद पडलं. डॉक्टरनं विचारलं, "आधी कधी दम लागायचा का? चालता चालता थांबायच्या का?" हालवार म्हणाला, "छे, कधीच नाही." पुढे सगळ्या गावाला तो हेच सांगत राहिला. अचानक गेली, कसली चाहूलसुद्धा लागू दिली नाही. थोडा रागच होता त्याच्या मनात. पस्तीस वर्षांचा संसार, आणि एका शब्दानं सांगू नये माणसानं?

क्लबमधली डागरुन हालवारचं शिकवणं वहीत उतरवून घेत होती. तिनं विचारलं, "पण किती वेळ थांबलं तर माणूस दिसतो? जरासं टेकलं तरी दिसेल?"

"नाही गं. हिशोब सोपा आहे." हालवार पडद्याजवळ गेला. "अर्धं मिनिट थांबलीस, तर नुसता डाग. दोन मिनिटं थांबलीस, तर तुझ्या अंगातून मागचा कठडा दिसेल. आणि हे बघ, इथे मागचं काहीच दिसत नाही. इतकं ठसठशीत यायचं, तर जवळजवळ सगळी चार..."

त्याचा हात पडद्यावरच राहिला. एवढा मोठा करून त्यानं हा फोटो कधी पाहिलाच नव्हता. गुन्वोरच्या एका हातानं कठडा घट्ट धरला होता. दुसरा कोटाच्या आत, छातीवर होता. चेहरा पुसट होता, पण वळलेला होता कॅमेऱ्याकडे.

"सगळी चार काय, हालवार?" डागरुननं पेन वहीवर टेकवून विचारलं.

"मिनिटं," हालवार म्हणाला. "चार मिनिटं ती मला सांगत होती गं. आणि मी तिला म्हटलं, चालत राहा."