पोस्टाला दिलेलं घर

या, मायबापहो, जरा पुढं सरकून बसा. ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. आपल्या जुन्या पोस्टाची आहे, आणि ती पुरती अजून कोणी सांगितलेली नाही.

त्या दिवशी रघू पोस्टमन माईकपुढं उभा होता. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी गावात नाव तेच. उद्यापासून पोस्ट एसटी स्टँडजवळच्या नव्या गाळ्यात जाणार, म्हणून जुन्या इमारतीच्या अंगणात निरोपाचा कार्यक्रम होता. इमारतीचा इतिहास सांगायला रघूशिवाय दुसरं कोण?

त्यानं तो कीर्तनात आख्यान लावावं तसा लावला. हे कौलारू घर मुळात बायजाबाईचं. एकुलता एक लेक, सदा. एकाहत्तर साली तो आईशी भांडला, रेवसला जाऊन मुंबईच्या लाँचमध्ये बसला आणि गेला तो गेलाच. तेव्हा गावात पोस्ट नव्हतं. टपाल दुसऱ्या गावाहून यायचं, कधी चार दिवसांनी, कधी भिजून. तीन वर्षांनी बायजाबाईनं सरकारला कळवलं, माझं पुढचं घर घ्या आणि पोस्ट काढा. भाडं नको.

"काय म्हनली ठाव हाय?" रघू म्हणाला. "'माज्या सदाचं पत्र वाटंत हरवाया नको. येल तं माज्याच उंबऱ्यावं येल.' आन् सोता मागच्या पडवीत ऱ्हायला गेली. सोळा वर्सं! थैली उघडली का ती मधल्या दारात हुबी. 'आलं का रं, रघू?' मी म्हनायचो, 'न्हाय, आये.' नव्वद साली गेली. अगीन मीच दिला. आन् तो सदा? पंदरा पैशांचं कार्ड न्हाय टाकलं त्यानं! असा लेक दुस्मानाच्या पोटी येव नये."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पुढं बसलेल्या आवडाबाईनं सदाच्या नावानं कडाकडा बोटं मोडली. रघूला बरं वाटलं. जाताना म्हातारीनं त्याला एकच विचारलं होतं, "का न्हाय लिवलं रं त्यानं?" उद्या दाराला कुलूप लागायचं. निदान चार माणसांदेखत लेकाला जाब तरी विचारला.

चहा झाला, गर्दी पांगली. तेव्हा पाठीवर बॅग घेतलेली एक पोरगी पुढं आली.

"काका, मी तेजस्वी. गुजरातेतल्या कांडल्याहून आलेय. सदा माझे आजोबा. गेल्या महिन्यात गेले."

रघूचा आवाज चढला. "आता आठवलं व्हय गाव? का, लिवायला हात नव्हतं त्याला?"

"ते आले होते, काका. एकोणऐंशीत. आईचे पाय धरायला." पोरगी शांतपणे बोलत होती. "भांडण घरावरूनच होतं. ते म्हणत होते, घर विकू, होडी घेऊ. पणजी म्हणाली, मी जित्ती हाय तवर ह्या घरात दुसरं कोन ऱ्हायचं न्हाय. आणि येऊन बघतात तर घरावर सरकारी पाटी. आई गेली, एवढाच अर्थ लागला त्यांना."

"अगं, पन कोनाला तरी इचारायचं!"

"विचारलं ना. पायरीवर एक माणूस पत्रं लावत बसला होता. त्याला म्हणाले, ह्या घरातली माणसं कुठं गेली? त्यानं मानसुद्धा वर केली नाही. म्हणाला, 'हितं आता कोन ऱ्हात न्हाय. पोस्ट हाय ह्ये.' मग गावात तोंड दाखवायची त्यांना लाज वाटली. किनाऱ्यावर गेले, डोकं भादरून घेतलं, समुद्रात आईच्या नावानं पाणी सोडलं आणि परत फिरले. दर वर्षी श्राद्ध घालायचे. पणजी नव्वदपर्यंत होती, हे आत्ता तुमच्याच तोंडून कळलं."

रघू त्या काळी शेजारच्या किहीमहून सायकलनं यायचा. सदाचं तोंड त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. पायरीवर येऊन काहीबाही विचारणारे तर रोज दहा असायचे.

"कोण असेल हो, काका, तो माणूस?"

एकोणऐंशी साली त्या पोस्टाला पोस्टमन एकच होता.

रघूनं वळून माईकसाठी हात पुढं केला. मांडववाला केव्हाच वायर गुंडाळून गेला होता. अंगणात रिकाम्या खुर्च्या होत्या, आणि ती एक पोरगी.

"मीच व्हतो गो, बाय," तो म्हणाला.

मायबापहो, बायजाबाईला गाव विसरायचं नाही. तुम्ही देवापुढं हात जोडाल तेव्हा सदाची आठवण काढा.